दोन नंबरच्या कॅरियरचा डावा ब्रेक

गाडी नाकावर उभी होती. पुढचा अर्धा भाग गाळात आणि मागचे पट्टे हवेत. घोषबाबू बांधावर छत्री धरून उभे होते. मी पोचलो तसे म्हणाले, "बघा मिस्त्री. काल प्यायला, आज हे."

गाडीच्या ड्रायव्हरला, दुलालला, तोवर हॉस्पिटलात नेलं होतं. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मागे बांधलेला लोखंडी पाइप गाडीवरून उडून पुढे पडला होता. तो हातभर डावीकडे पडता तर हॉस्पिटलचं काम उरलं नसतं.

साठ-सत्तरच्या दरम्यानची ही गोष्ट आहे. बंगालातल्या सॉल्ट लेकमध्ये आज बंगले आणि ऑफिसं आहेत, तिथे तेव्हा खारं पाणी आणि लव्हाळी होती. नदीतला गाळ पाण्यात कालवून पाइपांतून आणायचे आणि तिथे ओतायचे, म्हणजे जमीन तयार व्हायची. मी ज्या ठेकेदाराकडे होतो त्याचं काम ते पाइप इकडून तिकडे ओढण्याचं. घोषबाबू त्याचे मॅनेजर. आमचं यार्ड उल्टाडांग्याला होतं. चाकांची गाडी त्या गाळात पोटापर्यंत रुतायची, म्हणून ठेकेदाराने मिलिटरीच्या लिलावातून दोन ब्रेन कॅरियर उचलले होते.

ब्रेन कॅरियर म्हणजे रणगाड्याचं पोर समजा. वरून उघडी, बाजूंना चिलखती पत्रा, खाली चाकांऐवजी लोखंडी पट्टे. इंग्रजांनी मशिनगन आणि चार माणसं न्यायला ती केली. तिला मोटारीसारखं स्टिअरिंग असतं. थोडं फिरवलं की पट्टा जरा वाकतो आणि गाडी सावकाश वळते. जास्त फिरवलं की त्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. एक पट्टा थांबतो, दुसरा चालतो, आणि गाडी जागच्या जागी वळते. तेव्हा डावा ब्रेक नसेल तर गाडी डावीकडे झटकन वळणार नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजेल.

आमची एक नंबरची गाडी सरळ होती. दोन नंबरची जर्मनांच्या हातून आलेली.

मी चौथीपर्यंत शिकलो. महायुद्धात फिटर म्हणून भरती झालो आणि इजिप्तच्या वर्कशॉपात दोन वर्षं काढली. तिथे हे पाहिलं होतं. आपली गाडी शत्रूने पकडली की जर्मन ती फेकून देत नसत. तिच्यावर स्वतःचा काळा क्रॉस काढत आणि आपल्याच माणसांवर पाठवत. काही गाड्यांनी ते दारूगोळा ओढत, काहींवर छोटी तोफ बसवत. मग कधी आपण ती परत पकडायची, क्रॉसवर रंग मारायचा आणि पुन्हा चालवायची. अशा गाड्या वर्कशॉपात आल्या की आम्ही शिव्या द्यायचो. अर्धे नट आपल्या पान्याला बसायचे, अर्धे बसायचे नाहीत. तिकडचे फिटरही आपल्यासारखेच. मूळचा पार्ट मिळत नाही, वरून साहेब म्हणतो सकाळपर्यंत चालू करा. मग मिळेल ते कापायचं आणि बसवायचं.

आमच्या दोन नंबरवर हिरवा रंग उडाला होता, त्याखाली वाळूचा रंग होता आणि त्याखाली तो क्रॉस पुसट दिसायचा. ती इकडे हिंदुस्थानात कशी आली ते मला माहीत नाही. तिच्या डाव्या ब्रेकचा रॉड इंग्रजांचा नव्हता. कुठल्या तरी जर्मन गाडीचा रॉड कापून बसवला होता आणि त्याला उलटे आटे होते. नेहमीचा नट घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला की आवळतो. हा तसा फिरवला की सुटायचा. ज्याने तो बसवला त्या जर्मन फिटरने शेजारच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने एक बाण काढून ठेवला होता, असा फिरव म्हणून. खाली दोन शब्द होते, ते मला वाचता येत नव्हते. बाण वाचायला शाळा लागत नाही. गाडी आमच्याकडे आल्यापासूनच्या दीड वर्षात मी तो ब्रेक दोनदा आवळला होता आणि दोन्ही वेळा बाण बघून आवळला होता.

आता चूक कशी झाली ते सांगतो.

बंगालात विश्वकर्मा पूजेला सगळी वर्कशॉपं बंद असतात. मशिनं धुवून रंगवतात, मूर्ती बसवतात, पतंग उडवतात, मटण रांधतात. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं घासून देवापुढे मांडायची आणि पूजा होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी घोषबाबूंनी हिरव्या रंगाचा मोठा डबा आणला. म्हणाले, "दोन्ही गाड्या सारख्या दिसू देत. देवाला वाटू नये एक सावत्र आहे." एक नंबर इतरांनी रंगवली. दोन नंबर मी रंगवली, आतून बाहेरून. बाणावरूनही ब्रश माझाच फिरला. तेव्हा मनात काही आलं नाही. पाठ दुखत होती आणि काम संपवायचं होतं.

रंग वाळला तसा दुलाल आला. दुलाल दोन नंबरचा ड्रायव्हर. फाळणीत पूर्वेकडून सगळं सोडून आलेला माणूस. घरी आई, बायको आणि दोन मुली. म्हणाला, "मिस्त्रीदा, डावीकडचा थकलाय. स्टिअरिंग पुरं फिरवलं तरी उशिरा धरतो."

"थकणारच. तू काय त्याला बसू देतोस?"

"मी बसतो का कधी?"

मी पाना घेतला, मागची फळी काढली, पालथा पडून आत हात घातला. नटाची पिन काढली आणि चार अर्धे फेरे दिले. सरळ दिले. बाण दिसत नव्हता, गाडीचा रंगही एक नंबरसारखा, हात नेहमीच्या वळणाने गेला. नट हलका फिरला. आवळताना नट जड व्हायला हवा. तेव्हाच कळायला हवं होतं. मी पिन घातली आणि फळी बसवली.

दुलाल म्हणाला, "एक चक्कर मारून बघतो."

मी म्हणालो, "आणि कमी-जास्त निघालं तर? पाने आता पूजेला बसतायत. परवा बघू."

त्याने मान हलवली. मी पाना घासला आणि देवापुढे ठेवला.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात पोचायच्या आत घोषबाबूंनी दुलालला पाइप घेऊन पिटाळलं होतं. बांधाच्या टोकाला डावीकडे काटकोनात वळायचं असतं. दुलालने स्टिअरिंग पुरं फिरवलं. गाडी सरळ गेली.

पूजेच्या दिवशी दुलाल प्यायला होता हे खरं. अर्धं यार्ड प्यायलं होतं. पण तो प्यायला की गायचा, त्यामुळे तोच सगळ्यांच्या लक्षात होता. गाडी गेली त्याच दिवशी घोषबाबूंनी सरकारी इंजिनिअरला लिहून दिलं की ड्रायव्हर नशेत होता. हॉस्पिटलातून सुटल्यावर कबुलीच्या कागदावर दुलालची सही घेतली. नोकरी जाणार, पोलिसात नुकसानीची तक्रार जाणार. त्या वर्षांत रोज कुठला तरी कारखाना बंद पडायचा. आमच्या फाटकावर सकाळी वीस माणसं उभी असायची. दारुडा ड्रायव्हर म्हणून ज्याला काढलं, त्याला पुन्हा कोणी गाडी देणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एक नंबरच्या ओढीने आणि चेनपुलीने गाडी वर काढली. आत गुडघाभर गाळ. बाकीची माणसं हातपाय धुवायला गेली. मी फळी काढली, थोडा गाळ उपसला आणि आत हात घातला. नट रॉडच्या अगदी टोकाला आला होता.

मला कळलं. मी रॉकेलचं फडकं घेऊन पत्रा घासला. हिरवा निघाला आणि खाली बाण निघाला.

आणि मग मी काय केलं? पिन काढली आणि नट बरोबर आवळला. आठ अर्धे फेरे, उलटे, बाणाच्या दिशेने. चार माझी चूक भरून काढायला, चार मुळात द्यायचे होते ते. पिन परत घातली. विचार करून केलं नाही. फिटरला ढिला नट दिसला की हात थांबत नाही. चोराने पुरावा पुसावा तसं ते झालं, पण माझ्या मनात चोरी नव्हती. ते दुसऱ्या कोणाला खरं वाटणार नाही हे मला पिन वाकवताना समजलं. रॉड पुसायचाही राहिला. दमलो होतो. तसाच फळी लावून घरी आलो.

आम्ही सियालदहच्या मागे एका खोलीत राहायचो. आमची ही तेव्हा होती. इंदू. गेल्या पौषात गेली. आता खोली तीच आहे आणि मी आहे. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून त्या संध्याकाळी ती काय बोलली एवढंच लिहितो.

ती मासे साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"नट बरोबर केलात ना आता?"

"केला."

"मग गाडी झाली दुरुस्त. दुलालचं काय?"

मी म्हणालो, "बोललो तर मला काढतील. मी पन्नाशीला आलोय. मला कोण ठेवणार?"

"त्याला कोण ठेवणार?"

"तो प्यायला तर होताच."

तेव्हा तिने विळी बाजूला सरकवली. "अहो, तो गाडी चालवायच्या आधी म्हणाला होता ना, चक्कर मारून बघतो? दारुडा असं म्हणतो का? तुम्ही नको म्हणालात." मग पुन्हा विळी ओढली. "हात धुवून या. आणि उद्या बोलणार नसाल तर मला आत्ता सांगा, म्हणजे मी त्याच्या बायकोकडे जायचं बंद करते. तिच्या तोंडाकडे बघून मला बसता यायचं नाही."

मी हात धुतले. जेवणात चव नव्हती. म्हणजे जेवणाला असणारच. मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुलाल फाटकाशी बाकावर बसला होता. हात गळ्यात. हिशेबाच्या कागदाची वाट बघत होता. मी म्हणालो, "दुलाल, ब्रेक माझ्यामुळे गेला."

तो हसला. "मिस्त्रीदा, माझ्या वाटचं विष उगीच तुम्ही पिऊ नका. मी प्यायलो ते पुरे. सकाळी डोकं जड होतं. हात उशिरा फिरला असणार."

"तुला आठवतंय हात उशिरा फिरलेला?"

"आठवत नाही. पण सगळे म्हणतायत. आईच्या पायावर हात ठेवून दारू सोडली परवा. मी प्यायलो ते बौदींना मात्र सांगू नका हां."

बौदी म्हणजे वहिनी, माझी बायको. तिला सगळं माहीत होतं. पण मला ते वाक्य सहन झालं नाही. या माणसाने खरंच मानलं होतं की चूक त्याची. कोणी मारूनमुटकून कबूल करून घेतलं नव्हतं. सहीही त्याने मनापासून केली होती.

मी घोषबाबूंकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "ब्रेक आत्ता कसा आहे?"

"चांगला आहे. काल आवळला."

"कोणासमोर?"

"कोणी नव्हतं."

"म्हणजे गाडी चांगली, रॉड चांगला, नट चांगला, आणि तुम्ही म्हणता तेव्हा वाईट होता." ते खुर्चीत मागे टेकले. "मिस्त्री, तुम्ही आणि दुलाल एका ताटात जेवता हे मला माहीत आहे. चांगला माणूस आहात. कामाला लागा."

"बाबू, बाण दाखवतो."

"बाण जर्मनाने काढला. त्याने काय सिद्ध होतं? तुम्ही चुकलात हे बाण सांगतो का?"

खरं होतं. मी बाहेर आलो आणि गाडीपाशी उभा राहिलो. काही सुचत नव्हतं. फळी काढली आणि नुसता बघत बसलो. रात्रीत आतला गाळ वाळून सिमेंटसारखा झाला होता. रॉडच्या टोकाला आट्यांमध्ये गाळ भरून बसला होता. तिथून आत नटापर्यंत मात्र आटे मोकळे होते. ग्रीस लागलेले, काळे, चकचकीत.

थोडा वेळ माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मग शिरलं. नट जर बुडताना याच जागी असता तर गाळ नटाला चिकटून बसला असता. मधले आटे रिकामे आहेत, कारण बुडाली तेव्हा नट त्यांच्यावर होता, टोकाशी. मी काल त्याला आत आणला, तेव्हा तो आटे पुसत आला. बाहेरचा गाळ जिथल्या तिथे राहिला. मी रॉड पुसला असता तर हे गेलं असतं.

या वेळी मी कशालाही हात लावला नाही. आत जाऊन म्हणालो, "बाबू, दोन मिनिटं. आणि दुलाललाही यायला सांगतो."

घोषबाबू धोतर सावरत वाकले, मग कंटाळून सरळ पालथेच पडले. मी टॉर्च धरला. म्हणालो, "मोकळे आटे मोजा."

खिशातली पेन्सिल काढून त्यांनी मोजले. "चार."

"मी काल आठ अर्धे फेरे दिले. आठ अर्धे म्हणजे चार पुरे. एक फेरा, एक आटा. गाडी बुडाली तेव्हा नट चार आटे बाहेर होता. एवढा बाहेर असला की ब्रेक लागतच नाही."

ते उठले, पोटावरचा गाळ झटकला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ड्रायव्हर प्यायला तर ड्रायव्हर जातो. ब्रेक नव्हता तर कंपनी जाते. ठेका जातो. मग तुम्ही, मी, दुलाल, सगळे त्या फाटकाबाहेर उभे."

"मग लिहा मिस्त्री चुकला. मला काढा."

"आणि या दोन धूडांखाली कोण शिरणार? मी?"

मी एवढंच म्हणालो, "दुलाल प्यायला म्हणून गाडी गेली असं राहिलं, तर मी स्वतः सरकारी साहेबाला आणून हे आटे दाखवणार. गाळ वाळलाय, इतक्यात पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फार दमलेला माणूस बघतो तसं. मग ऑफिसात गेले आणि इंजिनिअरच्या नावाने दुसरा कागद लिहिला. त्यात ड्रायव्हर प्यायल्याचं काढून टाकलं. ब्रेकचंही काही नव्हतं. पावसाने बांधाची कड खचली आणि गाडी घसरली असं लिहिलं. बांध सरकारचा होता आणि पाऊस कोणाचाच नव्हता. इंजिनिअरने त्याच दिवशी मान्य केलं. त्याच्याही मागे कोणीतरी साहेब असणार. दुलालच्या सहीचा कागद घोषबाबूंनी माझ्यासमोर फाडला.

म्हणजे आधी एक खोटं होतं, मग खरं सापडलं, आणि कागदावर तिसरंच गेलं. पण दुलालची नोकरी राहिली आणि पोलिसही आले नाहीत.

दुलाल बाहेर गाडीला टेकून उभा होता; मी त्याला सगळं सांगितलं. त्याने स्वतः आत डोकावून आटे बघितले होते. मला वाटलं मिठी मारेल, नाहीतर शिवी देईल. तो म्हणाला, "तीन दिवस, मिस्त्रीदा. मुलींना जवळ घेत नव्हतो मी. वाटायचं माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी म्हणालो, "चूक माझी."

"ते कळलं." मग म्हणाला, "आईची शपथ आता मोडता येईल का, ते तेवढं विचारून बघतो."

हसायचं होतं, पण दोघांनाही जमलं नाही.

हाड जुळल्यावर तो कामावर आला. आमच्याकडे जेवायला मात्र पूर्वीसारखा आला नाही. इंदू दोनदा बोलावून आली. त्याची बायको यायची. तो म्हणायचा, काम आहे. मी त्याला दोष दिला नाही. आपल्यावरचा आळ माणूस विसरतो. आपण स्वतःच तो खरा मानला होता, हे त्याला विसरता येत नसावं, आणि माझं तोंड बघितलं की तेच आठवत असावं.

पुढे मी त्याच्या गाडीचा ब्रेक कितीतरी वेळा आवळला. दर वेळी मी फळी बसवली की तो स्टिअरिंगवर चढून बसायचा आणि शेजारच्या जागेवर थाप मारायचा. "बसा. पहिली चक्कर तुमच्यासकट." मग बांधाच्या टोकापर्यंत वेगात न्यायचा आणि पुरं स्टिअरिंग फिरवायचा. गाडी वळली की मी उतरून चालत परत यायचो.

मी पुढे तीन ठिकाणी काम केलं आणि हाताखालच्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. चूक सापडली की आधी माणूस बोलवा, मग पाना उचला. आणि ज्याने नट आवळला त्याने पहिल्या चकरेला गाडीत बसायचं. पहिली कोणी पाळली नाही, फिटरचा हात थांबत नाही. दुसरी पाळली, कारण त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाहीत.